वॉटर बेड रिकामा करणं आणि दुसरीकडे नेणं : कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या घरात वॉटर बेड येतो तो बहुतेक वेळा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी. आजोबांना अर्धांगवायू झालेला असतो, आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टर बेड आणायला सांगतात. मग कोणी मेडिकलमधून विकत आणतं, कोणी रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून नेतं. भरण्यात फारसं काही अडत नाही. अडतं ते हलवायची वेळ आली की. गणपतीला आजींना गावच्या घरी न्यायचं असतं, पावसाळ्याआधी मुलाकडे मुंबईला हलवायचं असतं, किंवा नुसतं माजघरातून ओटीवरच्या खोलीत आणायचं असतं. आमच्या केंद्रात परत येणारे बेड वापरताना फारसे खराब झालेले नसतात. त्यांची वाट लागते ती रिकामं करताना, वाळवताना आणि गुंडाळून ठेवताना. त्यापेक्षा वाईट म्हणजे या गडबडीत कधी कधी आजारी माणूसच तासन् तास उघड्या फळीवर राहतो. हे पान त्यासाठी लिहिलं आहे.

पाणी न काढता चौघांनी चार कोपरे धरून बेड उचलला तर?

नको. सहा फूट लांब, तीन फूट रुंद बेडमध्ये तीन इंच पाणी भरलं तर ते सव्वाशे लिटरच्या आसपास होतं, म्हणजे सव्वाशे किलो. आणि हे वजन एका जागी राहत नाही. एक कोपरा जरा खाली गेला की सगळं पाणी तिकडे धावतं आणि त्या बाजूच्या जोडावर ताण येतो. जोड उसवला तर तो ठिगळाने धरत नाही.

भरलेल्या बेडसकट खाट ओढणंही तितकंच वाईट. शेणाने सारवलेल्या जमिनीत खाटेचे पाय रुततात, फरशीवर घसरतात. एकाच खोलीत हातभर सरकवायचं असलं तरी निम्मं पाणी काढा, मग सरकवा.

बेड रिकामा होईपर्यंत आजारी माणसाला कुठे ठेवायचं?

हा प्रश्न फार कमी जण आधी विचारतात. खरं तर नळीला हात लावण्याआधी याचं उत्तर तयार हवं.

दुसरी खाट किंवा जमिनीवर जाड गादी आधी घालून ठेवा. फोमची चार इंची गादी असेल तर उत्तम, नसेल तर दोन कापसाच्या गाद्या एकावर एक. त्यावर सुरकुती न पडलेली सुती चादर. माणसाला उचलून तिथे कुशीवर झोपवा, पाठीमागे उशी लावा, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवा. उताणं झोपवावं लागलं तर पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती, कोपर आणि डोक्याची मागची बाजू ही दाबाची ठिकाणं. मध्ये भोक असलेली गोल रबरी कडी कमरेखाली देऊ नका. कडीच्या काठाने भोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो.

उचलताना ओढू नका. खाली चादर घालून दोघांनी चादरीसकट उचला. ओढल्यावर वरची कातडी जागच्या जागी राहते आणि आतला भाग सरकतो. वयस्कर माणसाची त्वचा एवढ्यानेही फाटते.

आणि त्यांना सांगा. "आजी, आता पाणी काढतोय, अर्धा तास या गादीवर राहायचंय," एवढं जरी सांगितलं तरी माणूस घाबरत नाही. बोलता येत नसलं तरी ऐकू येत असतं.

कुठलं सामान लागेल?

बागेला पाणी घालायची दहा-बारा हात नळी, दोन बादल्या, नरसाळं, जुनी फडकी, एक टॉर्च. शिवाय बुचाचं वायसर ठेवायला एक वाटी. हे वायसर पाण्याबरोबर मोरीतून वाहून जातं, आणि त्याच मापाचं दुसरं तालुक्याच्या बाजारातही पटकन मिळत नाही. बूच उघडलं की पहिल्यांदा वायसर काढून वाटीत.

खाटेवरचा बेड रिकामा करायची सोपी पद्धत कोणती?

औषधाच्या दुकानातल्या बहुतेक बेडना एका टोकाला तोंड असतं. ते तोंड खाटेच्या कडेवर आणा, खाली बादली लावा, बूच उघडा आणि तोंड खाली वाकवा. पाणी आपोआप येतं. बादली भरत आली की तोंड चिमटीत धरून वर उचला, दुसरी बादली लावा. पंधरा लिटरच्या बादलीने आठ-नऊ खेपा होतात. घरात दोन माणसं असतील तर यापेक्षा वेगळं काही करायची गरज नाही.

एकटेच असाल तर नळी लावा. कोकणातल्या जुन्या घरांना याचा फायदा आहे. घर चिऱ्याच्या जोत्यावर असतं आणि मागचं परसू दोन-तीन फूट खाली. खाटेची उंची धरली तर पाणी उतरायला भरपूर उतार मिळतो. नळी आधी नळाला लावून पूर्ण भरून घ्या, दोन्ही टोकं अंगठ्याने बंद करा, एक टोक बेडच्या तोंडातून आत सारा आणि दुसरं परसात नेऊन सोडा. बाहेरचं टोक बेडच्या तळापेक्षा खाली असलं पाहिजे. अर्धा इंची नळीने वीस मिनिटांपासून अर्ध्या तासात बेड बहुतेक रिकामा होतो.

तोंडाने ओढून पाणी सुरू करायची सवय अनेकांना आहे. या पाण्याच्या बाबतीत ती मोडा. ते आत महिनाभर राहिलेलं असतं, त्यात ब्लीचिंग किंवा दुसरं औषधही असू शकतं.

पाणी मध्येच थांबतं. काय चुकतं?

दोनच कारणं असतात. एक, नळीत हवा शिरली. तोंडाशी फडकं गुंडाळून फट बंद करा आणि नळी पुन्हा भरून घ्या. दुसरं जास्त वेळा घडतं : पाणी कमी झालं की बेडचा वरचा आणि खालचा पडदा जवळ येतात आणि नळीच्या टोकाला चिकटून ते बंद करतात. त्यासाठी आत जाणारं टोक तिरकं कापा आणि टोकाजवळ दोन-तीन खाचा पाडा. खाचांची धार काचपेपरने किंवा चिऱ्यावर घासून बोथट करा, नाहीतर तीच आतून भोक पाडेल.

टुल्लू पंप लावून पाणी ओढणारेही आहेत. लहान बेडला त्याची गरज नाही. पंप जोरात ओढतो, पडदे चिकटतात आणि पंप कोरडा फिरतो. लावायचाच असेल तर आजारी माणूस त्या खोलीत नको आणि विजेची वायर ओल्या जमिनीवर नको.

तळाला राहिलेलं पाणी काही केल्या निघत नाही.

इथे घाई करणाऱ्यांचे बेड पुढच्या मोसमात वास मारत परत येतात. तोंडाच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा. दोन्ही हातांचे पंजे पसरून बेड सपाट दाबा आणि सैलसर गुंडाळत तोंडाकडे या. प्रत्येक वळशाला थांबा. आत गुडगुड असा आवाज येतो, मग तोंडातून हवेचा बुडबुडा आणि मागोमाग पाण्याची चूळ येते. ती येऊन गेली की पुढचा वळसा. शेवटच्या दोन वळशांत पाणी लालसर किंवा गढूळ येईल. तो विहिरीच्या पाण्यातला गाळ, तळाशी बसलेला. तो आला म्हणजे काम बरोबर चाललं आहे. मग बेड उलगडा, बादलीभर गोडं पाणी आत घाला, हलवा आणि सगळं परत एकदा करा. दुसऱ्या वेळी स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडू नका.

एवढं पाणी कुठे सोडायचं?

साधं पाणी असेल तर माडाच्या नाहीतर पोफळीच्या आळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत, विहिरीचा तळ दिसायला लागलेला असताना, सव्वाशे लिटर मोरीत घालवणं कोणाच्याही जिवावर येईल, आणि यायलाच हवं. संडासाला, ओटी धुवायला तेच वापरा. मात्र बादल्या उघड्या ठेवून देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पाण्यात शेवाळं मारायचं औषध घातलं असेल तर ते भाजीच्या वाफ्यात, विहिरीच्या काठाला किंवा गुरांच्या डोणीजवळ सोडायचं नाही. जांभ्या दगडातून आणि मातीतून पाणी झपाट्याने खाली जातं, आणि खाली तुमचीच विहीर असते. विहिरीपासून लांब, सांडपाण्याच्या चरात सोडा.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. चालेल का?

भरायला अडचण नाही, पण रिकामं केल्यावर खारं पाणी आत वाळू देऊ नका. मीठ खरखरीत होऊन घडीत बसतं आणि पडदा घासतो. तोंडाचा भाग धातूचा असेल तर तो गंजतो. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये निदान शेवटची खळबळणी गोड्या पाण्याने करा.

पावसात बेड वाळवायचा कसा?

जून ते सप्टेंबर कोकणात कपडे वाळत नाहीत, बंद पिशवीच्या आतला ओलावा कुठून जाणार! धीर धरावा लागतो. तोंड खाली करून पडवीत दांडीवर आडवा टाका, दर काही तासांनी बाजू बदला. तोंडात बोरूसारखी पोकळ नळी किंवा पपईचा देठ अडकवून ठेवला तर तोंड उघडं राहतं आणि हवा खेळते. टेबलफॅनचा वारा त्या तोंडाकडे धरला तर काम लवकर होतं. केस वाळवायचं गरम यंत्र मात्र लावू नका, आणि चुलीवरच्या माच्यावरही टाकू नका. धूर आणि उष्णता दोन्ही रबराला बाधतात.

उन्हाळ्यात लोक उलटं करतात, बेड गच्चीवर कडक उन्हात पसरतात. रबराला थेट उन्हाने चिरा पडतात. सावलीत, वाऱ्यावर.

वाळल्यावर आत आणि बाहेर फ्रेंच चॉक किंवा बिनवासाची टाल्कम पावडर भुरभुरवा. नाहीतर दमट हवेत पडदे एकमेकांना असे चिकटतात की सोडवताना वरचा थर निघून येतो.

घडी घालायची की गुंडाळायचा?

गुंडाळायचा, आणि सैल. कडक घडी घातली की महिन्यांनी त्याच रेषेवर चीर जाते. वर जुनं धोतर नाहीतर लुगडं बांधा. सुतळी काचते, ती नको. माळ्यावर ठेवायचा असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात ठेवा. उंदराला रबर कुरतडायला आवडतं. डांबराच्या गोळ्या रबराला किंवा प्लॅस्टिकला टेकतील अशा टाकू नका. रॉकेल आणि खोबरेल तेलही लांब. वापरात असतानाही रुग्णाला तेल चोळल्यावर मध्ये जाड सुती चादर हवीच, कारण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

एसटीने किंवा फेरीबोटीने नेता येतो का?

गुंडाळलेला बेड हाताखाली मावतो, त्यामुळे एसटीत, रेल्वेत, कुठेही नेता येतो. गाडीच्या टपावर बांधू नका, ऊन आणि दोरी दोन्ही लागतात. आणि बूच, वायसर, नरसाळं एका पिशवीत घालून ती पिशवी बेडच्याच गुंडाळीत ठेवा. दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा फेरीने जाणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. पलीकडे गेल्यावर बूच घरी राहिल्याचं कळलं तर परत यायला पुढची फेरी धरावी लागते.

रुग्णवाहिकेत भरलेला वॉटर बेड घालावा का?

घालू नये. घाटात प्रत्येक वळणाला पाणी एका बाजूला जाईल आणि माणूस त्याच्याबरोबर. स्ट्रेचरवर फोमची गादी घाला. सिंधुदुर्गातून मुंबई हा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवून कूस बदलायची, चालकाला निघतानाच सांगून ठेवायचं. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, प्रवास झेपेल का. मणक्याचं हाड मोडलेलं असेल तर वॉटर बेडवर ठेवायचं की नाही हेसुद्धा डॉक्टरांनीच ठरवायचं.

माडीवर न्यायचा आहे. भार झेपेल?

काँक्रीटच्या स्लॅबला सव्वाशे किलो आणि एका माणसाचं वजन काहीच नाही. लाकडी माडीचं मात्र नीट बघा. तुळयांना वाळवी लागलेली नाही ना, फळ्या दबतात का, खालून ओल आली आहे का, हे सुताराकडून तपासून घ्या. खाट तुळयांना आडवी लावा, म्हणजे वजन एकाच तुळईवर पडत नाही. माझं मत विचाराल तर आजारी माणूस खालीच बरा. स्वयंपाकघरातली हाक ऐकू येते, येणारा-जाणारा चार शब्द बोलतो.

नव्या जागी भरताना काय बघायचं?

खाटेला सपाट फळी हवी. सुंभाची किंवा पट्ट्यांची खाट चालत नाही, बेड मध्ये खोळ धरतो. फळीवरून तळहात फिरवून खिळा वर आला आहे का ते बघा, मग चादर घाला. बेड खाटेवर पसरूनच भरा, खाली भरून वर चढवायचा विचारही नको. पाणी फडक्यातून गाळून घ्या. शेवटी तोंड वर धरून बेड हलका दाबा आणि आतली हवा काढा. हवा राहिली की बेड डुचमळतो आणि रात्री बुडबुड आवाज येतो.

किती भरायचा? माणूस झोपवल्यावर कमरेखाली, बेड आणि फळी यांच्यामध्ये हात सरकवा. माकडहाड फळीला टेकल्यासारखं लागलं तर पाणी कमी आहे. बेड ढोलासारखा ताठ झाला तर जास्त झालं. अंगाखाली तो जरा दबला पाहिजे, त्यातच त्याचा सगळा उपयोग आहे. थंडीत कोमट पाणी मिसळा. गार पाणी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतं, आणि अशक्त माणसाला ते सांगता येत नाही.

भरल्यावर चादर ओली लागते.

आधी बूच बघा, वायसर उलटं बसलेलं असतं. मग घामाचा आणि लघवीचा विचार करा. तेही नसेल तर बेड रिकामा करून थोडी हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा, भोकाशी फेस येईल. रबराचा बेड असेल तर सायकलच्या पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणि ठिगळ चालतं. प्लॅस्टिकचा म्हणजे पीव्हीसीचा असेल तर ते सोल्युशन धरत नाही, त्याचा वेगळा गोंद लागतो. जोडावरच गळत असेल तर पैसे वाया घालवू नका, नवा घ्या.

वादळात किंवा पुरात काय करायचं?

माणसाला उचला आणि निघा. बेड तिथेच सोडा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. तसं पाणी चढायला लागल्यावर बूच उघडत बसायला वेळ नसतो. पावसाळ्याआधी घरात ठरवून ठेवा की कोण उचलेल, कुठल्या घरी किंवा वरच्या मजल्यावर नेईल, तिथे गादी आहे का. नदीकाठच्या वाड्यांतल्या लोकांनी तर हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावं. १०८ ला फोन लावा, पण झाडं पडून रस्ता बंद असेल तर गाडी पोहोचणार नाही, हेही धरून चाला.

वीज जाण्याच्या बाबतीत मात्र वॉटर बेड उपयोगी पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. हवेच्या गादीचा पंप विजेशिवाय चालत नाही. आड गावात राहणाऱ्यांनी हवेची गादी वापरत असले तरी एक वॉटर बेड गुंडाळून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

परदेशातून आणलेला मोठा, पलंगाचा वॉटर बेड आहे. त्यालाही हेच लागू?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. रुग्णाच्या पाण्याच्या गादीची कल्पना जुनी आहे. नील अर्नॉट या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्ये ती काढली. घरातल्या शौकाचा बेड नंतरचा, चार्ल्स हॉल या विद्यार्थ्याने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेला. सहा बाय सात फुटांच्या अशा बेडमध्ये नऊ इंच पाणी असेल तर ते नऊशे लिटरच्या घरात जातं. इमारतीच्या नियमांत राहत्या खोलीसाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरतात, आणि इतकं पाणी एकट्यानेच त्याच्या पुढे जातं. जुन्या माडीवर तो नकोच.

रिकामा करण्याआधी हीटरची पिन काढा आणि हीटर पूर्ण गार होऊ द्या. पाण्याशिवाय तापलेला हीटर प्लॅस्टिक वितळवतो. आत तंतूंचे थर असलेला बेड असेल तर तो गुंडाळून पिळायचा नाही. थर सरकतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत. तिथे मात्र पंपानेच पाणी ओढून घ्यावं लागतं.

हलवल्यावर पाठीकडे काय बघायचं?

पोचल्यावर लगेच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, पूर्ण पाठ, खुबे आणि टाचा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर त्या कुशीवर काही काळ झोपवू नका आणि लक्ष ठेवा. दाबूनही फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे, डॉक्टरांना कळवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा निळसर, गरम किंवा घट्ट लागणारी जागा हाताने शोधा. फोड आला, कातडी निघाली, पाणी किंवा वास यायला लागला, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा. आणि वॉटर बेडवर असले तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चालूच ठेवायचं, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात, एकाच सुनेवर किंवा मुलीवर टाकू नये.